पुण्याच्या वहिनीचा नवस

माझ्या तिन्ही मैत्रिणींना पुस्तकांचा कंटाळा होता. कंटाळा म्हणजे खरं तर रागच. मी पुस्तक हातात घेतलं की त्यांना वाटे, हिनं आपल्याशी अबोला धरला.

आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायचो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. चौथी पास झाले आणि शाळा संपली, कारण पाचवीला रेल्वेची लाइन ओलांडून पलीकडे जावं लागे, आणि मुलीला रोज लाइन ओलांडून पाठवायचं आमच्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी फार लाजाळू होते. मास्तरांनी हजेरी घेताना माझं नाव घेतलं तरी मी 'हजर' न म्हणता नुसती मान हलवायची. मास्तर खाली बघून हजेरी घेत, त्यामुळे वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागायची.

तिघींतली मोठी, तिला आम्ही थोरलीच म्हणायचो, ती शाळेत कधी गेलीच नव्हती. दुसरीचं घर विहिरीला लागून होतं, म्हणून ती विहिरीवरची. ती दुसरीपर्यंत शिकली होती. तिला अक्षरं सुटी सुटी ओळखू येत, पण एकाला एक जोडली की म्हणे, "आता गर्दी झाली." तिसरी माझ्याबरोबर चौथी पास झालेली, म्हणून चौथीवाली. तिचं म्हणणं असं, की चौथी पास झाल्यावर पुन्हा वाचत बसणं म्हणजे लग्न झाल्यावर पुन्हा मांडवात जाऊन बसणं. झालो ना एकदा पास, मग आता कशाला?

पुस्तकं मला मामा आणून द्यायचा. तो अंबरनाथला कारखान्यात कामाला होता आणि तिथंच चाळीत राहायचा. चाळीतल्या एका खोलीत वाचनालय होतं. मामा स्वतः काही वाचायचा नाही. वाचनालयात पंखा होता, म्हणून तो सभासद झाला होता. सभासद झालं की आठवड्याला एक पुस्तक न्यावंच लागतं, अशी त्याची समजूत होती. ते तो दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे आणायचा आणि आधीचं घेऊन जायचा. पुस्तक निवडायची त्याची रीत म्हणजे हातात घेऊन वजन बघायचं. "आठ दिवस पुरलं पाहिजे ना तुला," म्हणायचा.

आईला वाचता येत नव्हतं, पण तिनं सुरुवातीला काही हरकत घेतली नाही. मग एका दिवसात दोनदा दूध उतू गेलं, सकाळचं आणि संध्याकाळचंही. तेव्हा तिनं मला समोर बसवून दोन गोष्टी बजावल्या. पुस्तकापायी कामात खोट येता कामा नये. आणि गावात कोणाच्या तोंडी तुझ्या पुस्तकाची गोष्ट येता कामा नये. "यातलं एक जरी झालं, तर तुझ्या मामाला सांगून बंद करीन. मग रडायचं नाय." दुसरी अट तिला जास्त महत्त्वाची होती. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि वाचणारी मुलगी म्हणजे आळशी मुलगी, असं आमच्याकडे सगळेच धरून चालत.

आमच्या पडवीत उखळ होतं. दुपारची जेवणं झाली की आम्ही चौघी तिथं भात कांडायचो, आज एकीच्या घरचं, उद्या दुसरीच्या. थोरली आणि विहिरीवरची समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालायच्या. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. चौथीवाली सूप घेऊन पाखडायची. मी उखळाशी बसून आत हात घालून भात खालीवर करायची. या कामात हात वेळेवर बाहेर काढावा लागतो, नाहीतर बोटं जातात.

एक दिवस माझा हात वेळेवर निघाला नाही. थोरलीनं मुसळ वरच्या वर आवरलं म्हणून वाचले.

"मेली असतीस गो! लक्ष कुठं हाय तुझं?"

मी खाली मान घालून सांगितलं, "एका मुलीला तिच्या मामानं जत्रेत सोडून दिलंय. ती तिथंच उभी आहे."

"अगो बाय! कोणाच्या मामानं? तुझ्या?"

"नाही गं, पुस्तकातल्या."

"हात् तिच्या," म्हणून थोरलीनं मुसळ उचललं. दोन घाव घातले. तिसऱ्याला थांबली. "मग? नेली का तिला कोणी?"

तेव्हापासून रोज पुस्तकातली गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे, पण उखळाशी बसलं की नजर भातात ठेवावी लागते. कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि कोणी आपल्याकडे बघत नाही. तिथं मी तासतासभर बोलायची.

त्यांना पुस्तक नको होतं, पण पुस्तकात काय झालं ते हवं होतं. आणि तेही त्यांच्या मनासारखं. गोष्टीत कोणी दुष्ट माणूस आला की दोघी इतक्या जोरात मुसळ घालायच्या की तांदळाचे तुकडे व्हायचे. कोणी रडायला लागलं की मुसळं हळू पडायची आणि निम्म्या भाताचं तूस तसंच राहायचं. आई संध्याकाळी सूप हलवून बघायची.

"आज एवढी कणी कशी गो?"

मी काय सांगणार? आज सासू आली होती. कणीची पेज व्हायची आणि आम्ही ती मुकाट्यानं प्यायचो. कामातली ही खोट भाताच्या जातीवर गेली, आईच्या लक्षात आली नाही, असं मी तेव्हा समजत होते.

मग ते पुण्याच्या वहिनीचं पुस्तक आलं. ते इतकं जाड होतं की मामानं दोन आठवड्यांची परवानगी मागून घेतली होती. पुण्यात एक वहिनी. तिचा नवरा बोटीनं परदेशी शिकायला गेलेला. तो पत्रं पाठवायचा, पण सासू ती फडताळात लपवून ठेवायची. वहिनीला वाटे, नवरा आपल्याला विसरला. तरी ती सगळ्यांचं करायची, आजारी दिराच्या उशाशी बसायची, आणि तोंडातून एक शब्द काढायची नाही. माझ्या मैत्रिणींना ती फार आवडली. विहिरीवरची म्हणाली, "अगदी आपल्या हिच्यासारखी हाय. बोलतच नाय मेली."

त्या आठवड्यात आमच्या घरी बरीच कणी झाली. थोरली तर फडताळ उघडायलाच निघाली होती. "किल्ली कुठं ठेवते ती म्हातारी? तुला म्हायती असेल ना? वहिनीला सांग की."

"मी कशी सांगू? पुस्तकात नाही तसं."

"तू वाचतेस ना? मग तूच सांगायचं."

वहिनीला ताप आला तो दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला. मी तोवर पुस्तक वाचून संपवलं होतं. शेवटच्या पानावर वहिनी जाते, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याची बोट मुंबईला लागते. मी ते गोठ्यामागं बसून वाचलं आणि डोळे आले म्हणून आईला खोटं सांगितलं.

पण हे उखळाशी कसं सांगायचं? मी वहिनीचा ताप लांबवला. रविवारी ताप होता. सोमवारी वैद्य आले. मंगळवारी दुसरे वैद्य आले, ते पहिल्या वैद्यांना नावं ठेवून गेले. पुस्तकात वैद्य एकच होता. मंगळवारी तिघींनी कांडणं अर्धं टाकून कसल्याशा खाणाखुणा केल्या आणि लवकर उठून गेल्या. मला वाटलं, माझी गोष्ट लांबली म्हणून कंटाळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई अंगण सारवत होती. शेजारची काकी लोटाभर पेज घेऊन आली.

"कशी हाय आता?"

"कोण?" आई म्हणाली.

"असू दे गो. मी काय परकी हाय? ताप उतरला का?"

"कोणाचा ताप?"

काकीनं आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचारी किती सोसतेय. मग उंबऱ्यातून आत डोकावून हळूच म्हणाली, "पुण्याहून आणलीय ना तिला? भावजय ना तुझी?"

"माझ्या भावाचं अजून लगीन नाय," आई म्हणाली.

 "लगीन नाय?" तिनं पदर तोंडाला लावला. "अगो बाय माझ्या. आणि तुमी ठेवून घेतलीत?"

आईच्या हातातलं शेण तसंच राहिलं. मी दाराआड उभी होते. काहीतरी भयंकर झालंय एवढं मला कळलं, पण काय ते कळेना. तेवढ्यात गावदेवीचे म्हातारे गुरव आले. त्यांच्या हातात देवीवरचं फूल होतं. "उशाखाली ठेव हे," ते आईला म्हणाले. "काल संध्याकाळी तुझ्याकडच्या वहिनीसाठी गाऱ्हाणं घातलंय. पाच नारळ आणि हिरव्या खणाची ओटी बोललोय. आई सांभाळून घेईल."

मग मला सगळं कळलं. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं तर माणूस कोणाच्या घरचं ते सांगावं लागतं. गुरवांनी विचारलं असणार, आणि माझ्या मैत्रिणींनी विचार करून आमचं घर सांगितलं. वहिनी पुण्याची असली तरी सध्या ती होती आमच्याकडेच, शनिवारपर्यंत.

कांडायची वेळ झाली म्हणून तिघी आल्या. अंगणात माणसं बघून फाटकाशीच थबकल्या. त्यांच्या मागोमाग कॅम्पातली कापडवाली अम्मा आली. ती सिंधी बाई दर बुधवारी निर्वासितांच्या कॅम्प नंबर दोनहून कापडाचं गाठोडं घेऊन आमच्या गावात यायची आणि आमच्या पडवीत सावलीला टेकायची. माझी गोष्ट तिनंही दोनदा ऐकली होती. तिला निम्मीच कळायची. तिनं गाठोडं उतरवलं आणि विचारलं, "क्या हुआ? कौन बीमार है?"

"तेच विचारतेय मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या घरात कोण आजारी हाय, ते मला सोडून गावाला म्हायती!"

 थोरली विहिरीवरचीकडे बघे, विहिरीवरची चौथीवालीकडे, आणि चौथीवाली आभाळाकडे.  गप्प बसले तर मामाच्या नावाचा गवगवा होणार, आणि बोलले तर माझी पुस्तकं जाणार. मी आत गेले, तांदळाच्या कणगीमागून पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर आले. अंगणात त्या दिवशी पाच-सात माणसं असतील. मला ती जत्रेएवढी वाटली.

"ती यात आहे," मी म्हटलं.

"कशात?" गुरवांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं.

"पुस्तकात!" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

काकीनं पेजेचा लोटा खाली ठेवला. तिच्या तोंडावर निराशा स्पष्ट दिसत होती.

"म्हणजे खोटी हाय?" गुरव म्हणाले.

यावर थोरली पुढं आली. "खोटी कशी असेल? छापलंय ना ते! श्रावणात पोथी वाचता तुमी, ती काय खोटी हाय?"

"पोथीची गोष्ट वेगळी."

"पण छापलेलीच ना? मग? कोणी उगाच एवढं जाड छापील का?"

 गुरव पायरीवर बसले. त्यांची अडचण वेगळीच होती. "खरी असो, खोटी असो, मी देवीपुढे शब्द टाकून बसलोय. आता तिला जाऊन काय सांगू? असं माणूसच नाय म्हणून? मला सांग पोरी, ती बरी झाली की गेली? मला तेवढं कळवलं पायजे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  मला शेवटचं पान जसंच्या तसं दिसत होतं. जिभेवर आलेलंही होतं. अम्मानं शेजारी बसलेल्या काकीला विचारून घेतलं काय चाललंय ते, आणि मग कपाळावर हात मारला.

"किताब में है? तो बचा लो ना! किसने रोका है?"

"बरी झाली," मी म्हणाले. "ताप उतरला. आणि नवऱ्याची बोट लागली मुंबईला."

विहिरीवरचीनं थोरलीला मिठीच मारली. गुरव गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग नवस फेडा शुक्रवारी," म्हणाले आणि फूल परत घेऊन गेले. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सारवायला बसली. मला म्हणाली एवढंच, "शनिवारी मामा येतोय."

तीन दिवस ती पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी आम्ही देवळात गेलो. आईही आली. अम्मानं गाठोड्यातला हिरवा खण दिला होता. गुरवांनी देवीला सांगितलं, की पुण्याची वहिनी सुखरूप आहे, नवरा घरी आला आहे, लेकरांचा नवस पोचता करून घे. पाच नारळ फोडले. खोबरं खाता खाता चौथीवालीनं मला खांबाआड ओढलं.

"तुला एक सांगू? कोणाला बोलू नको. सोमवारी तू पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा मी तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. सगळं. एकटीनं. घाम फुटला गो मला वाचता वाचता." तिचे डोळे मोठे झाले होते. "त्यात ती गेली होती! म्हणून तर मी म्हटलं, तू तिथवर पोचायच्या आधी नवस बोलू या."

मी हातातलं खोबरं तिलाच दिलं.

"आणि बघ, झाली की नाय बरी? देवीनं छापलेलं फिरवलं! दाखव ना मला ते पान, आता काय लिवलंय ते."

"उद्या," मी म्हणाले.

दर शनिवारी मी मामाला म्हणायची, अजून एक दिवस ठेव ना पुस्तक. त्या शनिवारी दुपारपासून मी फाटकात उभी होते, मामा कधी येतो आणि पुस्तक कधी नेतो म्हणून. मामा आला तो गोंधळलेला. वाटेत काकीनं त्याला अडवून विचारलं होतं, लगीन कधी करतोस, म्हणून. त्याच्या पिशवीत नवं पुस्तक होतं. त्यानं ते बाहेर काढण्याआधीच आई पडवीत आली आणि माझ्या हातातलं जुनं पुस्तक तिनं घेतलं.

तिनं ते उलटं धरलं होतं. मी सरळ करून दिलं.

"यात कुठं हाय ती?"

"सगळीकडेच आहे."

"शेवट कुठं हाय?"

मी शेवटचं पान उघडून दिलं. आईनं त्या पानावरून हात फिरवला, जसा ती निवडलेल्या तांदळावरून फिरवते. मग म्हणाली, "वाच."

"आई, मी तुला—"

"वाच म्हटलं ना."

मी वाचलं. मामा पिशवी घेऊन तसाच उभा होता. वहिनी गेली, बोट लागली, पान संपलं. आईनं पदरानं नाक पुसलं.

"म्हणजे गेलीच ती."

"हो."

"तरी मला वाटलंच. दोन-दोन वैद्य कशाला येतील?" दुसरा वैद्य मी फक्त उखळाशी सांगितला होता. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पोरींना बोलू नको. नारळ खाल्लाय सगळ्यांनी."

मी वाट बघत राहिले. आई मामाकडे वळली. मला वाटलं, आता. "तू पुस्तक आणतोस ते आधी बघून का आणत नायस रे?" ती म्हणाली. "नुसतं वजन करून उचलतोस. माणसं मरणारी आणू नको. गावात तोंड दाखवायची सोय राहात नाय."

मामानं पिशवीतलं नवं पुस्तक काढलं, आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि पुन्हा आत ठेवलं. "हे उद्या बदलून आणतो," म्हणाला.

पुढं त्यानं मला सांगितलं, की तो वाचनालयात टेबलाजवळ जाऊन हळूच विचारायचा, "यात कोणी बाई मरते का हो?" तिथले गृहस्थ एकदा वैतागले आणि म्हणाले, तुम्हीच बसून बघा. तेव्हापासून मामा पंख्याखाली बसून दर आठवड्याला दोन-तीन पुस्तकांची शेवटची पानं वाचायचा. लग्नात सगळं नीट झालं, मुलगा परत आला, कोर्टात निकाल लागला, असं त्याला पुष्कळ माहीत झालं. ते कोणाचं आणि कशामुळे, हे त्यानं कधी बघितलं नाही.

चौथीवालीनं ते पान पुन्हा बघायला मागितलं तेव्हा पुस्तक अंबरनाथला पोचलं होतं. ती दोन दिवस माझ्यावर रुसली आणि कांडायला आली नाही. सोमवारी दुपारी आम्ही तिघीच उखळाशी होतो, पाखडायला कोणी नाही. तेव्हा आई आतून सूप घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

थोरलीनं मुसळ उचललं, पण आईसमोर विचारायचं धाडस तिला होईना. ती माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवत राहिली. मी भात खालीवर करत राहिले.

"नवीन पुस्तकात सासू हाय का?" आईनं सुपाकडे बघत विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "फार वाईट आहे."

"मग सांग की."

त्या दिवशी खूप कणी झाली. आईनंच ती पाखडून वेगळी काढली आणि पेजेसाठी बाजूला ठेवली.